एकरकमी

नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर, भद्रावतीच्या अलीकडे आणि पलीकडे, पहाटे पाच-साडेपाचला दोन प्रकारची माणसं दिसतात. एक, डबा घेऊन पहिल्या पाळीला निघालेली. दुसरी, कडेच्या मुरमावरून धावणारी पोट्टी. त्यांचं अंतर ठरलेलं असतं, सोळाशे मीटर. वेळही ठरलेली, साडेपाच मिनिटं. तेवढ्यात आलं तर भरतीच्या मैदानावर पूर्ण गुण. समोरचं धुकं किती आणि कोळशाची धूळ किती, हे त्या उजेडात कळत नाही आणि छाती भरून श्वास घेताना कोणी विचारही करत नाही. डबा घेतलेला आणि धावणारा हे पुष्कळदा एकाच घरातले असतात. बाप खाणीत, पोरगा फौजेच्या तयारीत.

या मुलखात कष्टकरी घराला वर यायच्या शिड्या फार नव्हत्या. वेकोलि, आयुध निर्माणी आणि वर्दी. तिन्ही ठिकाणी जिवाला धोका. ते कोणी लपवून ठेवलं नव्हतं आणि कोणाला समजावून सांगावंही लागत नव्हतं. मराठीत खाणीत उडवतात त्यालाही सुरुंग म्हणतात आणि रस्त्याखाली शत्रू पेरतो त्यालाही सुरुंगच म्हणतात. भद्रावतीच्या माणसाला हे दोन्ही सुरुंग ठाऊक आहेत, आणि १९६२च्या युद्धानंतरच्या वर्षांत गावाशेजारी उभा राहिलेला, दारूगोळा भरणारा कारखानाही ठाऊक आहे. तरीही घरं पोरांना तिकडे पाठवत आली, कारण एक बोली होती. जीव तुमचा धोक्यात, पण घराची जबाबदारी आमची. तुम्ही गेलात तर तुमच्या मागे महिन्याच्या महिन्याला काहीतरी येत राहील.

ही बोली आता मोडली आहे. ती गाजावाजा करून मोडली नाही, उलट टाळ्यांच्या गजरात आणि मोठमोठ्या रकमांचे आकडे वाचून दाखवत मोडली. मला भांडायचं आहे ते याच्याशी.

समजा, माजरीच्या किंवा तेलवासा-धोरवाशाच्या बाजूचं एक घर. घर मी कल्पिलेलं आहे, त्यातले कागद मात्र खरे आहेत, अशा शेकडो घरांत सापडतील. लोखंडी पेटीत तीन कागद. पहिला आजोबांचा. त्यांचं शेत १९५७च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली गेलं आणि बदल्यात खाणीत नोकरी मिळाली. दुसरा बापाचा. आजोबा नोकरीत असताना वारले, तेव्हा कोळसा कामगारांच्या वेतन करारातल्या ९.३ या कलमाखाली आश्रित म्हणून बाप लागला. तिसरा पोराचा, अग्निवीर म्हणून निवड झाल्याचा. पहिल्या दोन कागदांवर शेवटची तारीख नाही. साठाव्या वर्षापर्यंत ते चालतात, आणि मध्येच माणूस गेला तर पुढच्या माणसाच्या नावाचा नवा कागद तयार होतो. तिसऱ्या कागदावर शेवटची तारीख आधीच छापलेली आहे. चार वर्षं.

आता पुढचं समजा, जे कोणत्याही आईला समजून घ्यायचं नसतं. पोरगा सीमेवर गेला आणि परत आला तो तिरंग्यात. पेटीत चौथा कागद येईल तो धनादेशाचा. रक्कम मोठी असेल. त्याच्यानंतर पाचवा कागद येणार नाही.

हे समजा-समजी सोडून प्रत्यक्ष घडलेलं बघू. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अक्षय गवते सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना गेला. सियाचीनमध्ये मृत्यू आलेला तो पहिला अग्निवीर. पेन्शन नाही यावरून ओरड झाली, तेव्हा लष्कराने हिशेब जाहीर केला. विम्याचे ४८ लाख, सानुग्रह ४४ लाख, चार वर्षांतला उरलेला पगार १३ लाखांहून थोडा जास्त, युद्धहानी निधीतून ८ लाख, शिवाय त्याच्या पगारातून कापलेला सेवा निधी, तेवढाच सरकारी वाटा आणि व्याज. बेरीज करा, एक कोटी तेरा लाखांच्या पुढे जाते. आकडे खरे आहेत आणि ते देण्यात कुचराई झाली असं मी म्हणत नाही. पण ती यादी पुन्हा वाचा. उरलेला पगार कुठपर्यंत? चार वर्षं पूर्ण होईपर्यंत. म्हणजे मेलेल्या माणसाचा करारही ठरल्या तारखेलाच संपतो. तो जगला असता तर पंचवीस टक्क्यांत निवडला गेला असता, पंधरा वर्षं राहिला असता, नाईक-हवालदार झाला असता, ही शक्यता त्याच्याबरोबर गेली आणि हिशेबातूनही गेली.

त्याच सियाचीनमध्ये, त्याच तंबूत, शेजारी नियमित भरतीचा शिपाई असतो. तो तसाच गेला तर त्याच्या घरच्यांना 'लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन' मिळते, म्हणजे शेवटच्या पगाराइतकी रक्कम, दर महिन्याला. ही तरतूद कारगिलनंतर, १९९९च्या ताबूतांची रांग बघून हललेल्या देशाने पक्की केली. तेव्हा सगळ्यांना कळत होतं की युद्धात मुलगा गेलेल्या घराशी सरकारचं नातं एका दिवसात संपत नाही. पंचवीस वर्षांत ते कळेनासं का झालं?

मे २०२५ मध्ये तर सरळ युद्धच पेटलं होतं, नाव काहीही द्या. ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत नियंत्रण रेषेवरच्या तोफमाऱ्यात मुरली नाईक हा तोफखान्यातला अग्निवीर ठार झाला. गाव आंध्रातला एक तांडा, पण घर मुंबईत, घाटकोपरच्या कामराजनगरात. आईबाप मजुरी करणारे. अंत्ययात्रेला मंत्री गेले, मदत जाहीर झाली, चौकांत फलक लागले. आणि काही महिन्यांनी त्याच्या आईला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. मागणी एवढीच की नियमित जवानाच्या कुटुंबाला जे मिळतं ते आम्हालाही मिळावं. ज्या तोफगोळ्याने तो मेला त्याने त्याचा भरतीचा प्रकार विचारला नव्हता.

मुरली खाणकामगाराचा मुलगा नव्हता, अक्षयही नाही. मग भद्रावतीतून मी ही दोन नावं का घेतो आहे? कारण एकरकमी पैसा म्हणजे काय, हे खाणीच्या गावाइतकं कोणालाच कळत नाही. याबाबतीत आमचा अनुभव दिल्लीतल्या कोणत्याही तज्ज्ञापेक्षा मोठा आहे.

इथे दोन प्रकारची घरं शेजारीशेजारी आहेत. एकाचं शेत गेलं आणि नोकरी आली. दुसऱ्याचं शेत गेलं आणि रोख आली. कोल इंडियाच्या २०१२च्या पुनर्वसन धोरणात दोन एकराला एक नोकरी असा हिशेब आहे. तुकडा त्याहून लहान असेल तर दुसऱ्याच्या तुकड्याशी जोडा, नाहीतर रक्कम घ्या. नोकरी आलेल्या घरातली मुलं हळूहळू शिकली, कोणी आयटीआय, कोणी नर्सिंग, एखादी इंजिनीअर. रोख आलेल्या घरात पहिल्या वर्षी मोटारसायकल आली, दुसऱ्या वर्षी स्लॅब पडला, तिसऱ्या वर्षी बहिणींच्या हिश्श्यावरून कोर्टात केस आणि पाचव्या वर्षी सात-बाराही नाही आणि बँकेतही नाही. हे लोक मूर्ख नव्हते. एकदाच येणारा पैसा नातेवाईक, सावकार, फायनान्सवाले, आजारपण, लग्न आणि खुद्द दुःख या सगळ्यांना एकाच वेळी दिसतो. महिन्याचा पगार दर महिन्याला थोडाच दिसतो, म्हणून टिकतो. आणि जिथे रोजगार दिला तिथेही तो टिकेलच असं नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २१४ कोळसापट्ट्यांचं वाटप रद्द केलं, त्यात आमच्याजवळची बरांजची खाणही होती. पुढे २०१५ मध्ये ती बंद पडली आणि पुन्हा चालू व्हायला काही वर्षं गेली. मधल्या काळात ज्यांची जमीनही गेली होती आणि कामही, त्यांना विचारा की नुकसानभरपाई हा शब्द ते कोणत्या चेहऱ्याने उच्चारतात.

बँकांचा एक शब्द विदर्भातल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे, 'एकरकमी परतफेड'. थकलेल्या खात्याचा एकदा तोडगा काढायचा आणि फाइल बंद करायची. अग्निवीराच्या मृत्यूवर सरकार जे देतं ते याच जातीचं आहे. खातं बंद, फाइल बंद, पुन्हा दारात यायचं नाही.

पेन्शनकडे लोक रक्कम म्हणून बघतात, म्हणून हा मुद्दा निसटतो. पेन्शनने माणसं कशी घडवली हे महाराष्ट्राने नीट पाहिलं आहे. एकोणिसाव्या शतकात दापोलीला लष्करातून निवृत्त झालेल्यांची वस्ती होती. महार पलटणींतले सुभेदार-हवालदार तिथे पेन्शनवर राहत. त्या वस्तीतून गोपाळबाबा वलंगकर उभे राहिले, अर्ज लिहू लागले, धर्मशास्त्राला प्रश्न विचारू लागले. रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिकवत. निवृत्तीनंतर ते दापोलीला आणि मग साताऱ्याला राहिले. त्यांच्या घरातला धाकटा मुलगा पुढे काय झाला हे सांगायला नको. अस्पृश्य घरात अभ्यासाचा कंदील पेटता राहिला, कारण दर महिन्याला थोडे रुपये येणार याची खात्री होती. वतनाच्या भाकरीवर जगणाऱ्याला गावाशी भांडता येत नाही. पेन्शनवाल्याला येतं.

याच कहाणीत हंगामी शिपायाचाही एक धडा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी 'लढवय्या जाती'चं खूळ डोक्यात घेऊन महारांची भरती बंद केली. पहिलं महायुद्ध लांबलं, माणसं कमी पडली, तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं आणि १९२१ मध्ये ती मोडली. गरज होती तोवर शिपाई, गरज संपली की घरी जा. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज लागली, १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. या वेळी ती मोडली नाही, कारण मधल्या वीस वर्षांत प्रश्न विचारणारी पिढी तयार झाली होती, आणि ती बऱ्याच अंशी पेन्शनवाल्यांच्या घरांतून आली होती. चार वर्षांच्या शिपायाची कल्पना नवी आणि आधुनिक आहे असं जे सांगतात त्यांनी एकदा हे बघावं.

युद्ध आणि कोळसा यांचं नातं इथल्या जमिनीत जुनं आहे. १८७०च्या दशकात वरोऱ्याची सरकारी खाण आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आली. खाण १९०६ मध्ये बंद झाली. मग बल्लारपूर, घुग्घुस, माजरी. दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडला, तेव्हा बायकांना जमिनीखाली कामाला न्यायचं नाही ही बंदी ऑगस्ट १९४३ मध्ये उठवली गेली. सगळ्यात आधी कुठे? मध्य प्रांतात, म्हणजे आपला चांदा जिल्हा ज्यात होता तिथे. नंतर बंगाल-बिहारला. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य तेव्हा डॉ. आंबेडकर होते. या निर्णयावर मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांना उत्तर द्यावं लागलं आणि त्यांनी दिलं. ही तात्पुरती निकड आहे आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या आयुष्यातला हा अवघड प्रसंग आपण फारसा आठवत नाही. त्याच सुमारास ते धनबादच्या खाणींत स्वतः उतरून आले आणि जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. युद्ध संपल्यावर, १९४६च्या फेब्रुवारीत बायकांवरची बंदी परत आली. ज्या बायका युद्धासाठी कोळसा वाहत खाली गेल्या, त्यांची नावं कोणत्याही स्मारकावर नाहीत. त्यांच्यातल्या किती जणींचे मुलगे तेव्हा ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते, हे कोणी मोजलेलं नाही.

इंग्लंडमध्येही डिसेंबर १९४३ मध्ये हेच संकट होतं. तिथे त्यांनी सक्तीच्या भरतीतल्या तरुणांची नोंदणी क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून सोडत काढली. आकडा आला तर बंदूक नाही, खाण. मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावावरून त्यांना 'बेव्हिन बॉइज' म्हणत. स्वतःहून आलेले धरून सुमारे अठ्ठेचाळीस हजार होते. गणवेश नाही, म्हणून रस्त्यात पोलीस अडवत आणि लोक पळपुटे म्हणत. पदक नाही, जुन्या नोकरीवर परत जाण्याचा हक्क नाही. सरकारने त्यांना साधा बिल्ला दिला तो २००८ मध्ये, म्हणजे जे उरले होते ते ऐंशीच्या पुढे गेल्यावर. सोडतीत आकडा फिरला असता तर हीच मुलं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पडून वीर झाली असती. युद्धाला दोन्ही हवे असतात, वर मरणारा आणि खाली मरणारा. पहिल्या महायुद्धात तर दोन्ही एकच होते. मेसीनच्या टेकडीखाली जून १९१७ मध्ये जे एकोणीस सुरुंग उडवले गेले, त्यांचे बोगदे खणणाऱ्यांत ब्रिटनमधून आणलेले खाणकामगार पुष्कळ होते. आणि ११ नोव्हेंबर १९१८ला, युद्धबंदीला दीड तास उरला असताना मॉन्सजवळ मारला गेलेला जॉर्ज एलिसन, ब्रिटिश फौजेतला शेवटचा बळी, तोही युद्धाआधी कोळशाच्या खाणीतच काम करत होता. मॉन्स हा बेल्जियमचा कोळशाचा मुलूख. म्हणजे त्याला मरणही एका खाणपट्ट्यातच आलं.

आता 'शहीद' या शब्दाकडे येऊ. आपल्याकडे हा शब्द इतक्या सढळ हाताने वाटतात की तो कायद्यात कुठेच नाही हे लोकांना खरं वाटत नाही. सशस्त्र दलांच्या बाबतीत 'शहीद' अशी काही संज्ञा सरकार वापरत नाही, हे डिसेंबर २०१५ मध्ये गृह राज्यमंत्र्यांनी लोकसभेत लेखी सांगितलं आहे. २०२२ मध्ये लष्करानेही आपल्या तुकड्यांना हा शब्द टाळायला कळवलं. कागदावर असतो तो शब्द 'बॅटल कॅज्युअल्टी'. म्हणजे ज्या शब्दावर फलक छापतात, मिरवणुका काढतात, मतं मागतात, त्या शब्दामागे एका रुपयाचंही बंधन नाही, म्हणूनच तो फुकट वाटता येतो. चासनाळ्याला २७ डिसेंबर १९७५ रोजी खाणीत पाणी घुसून ३७५ माणसं गेली, तिथेही शहीद स्मारक आहे. खाणवाल्यांना शब्द द्यायला कोणाची हरकत नाही. हरकत असते ती कागदावर.

खाणीतला कागदही याच वाटेने गेला आहे, हे मी फौजेवर बोलता बोलता विसरणार नाही. १ मे १९७३ला कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, कामगाराला कायम नोकरी, वेतन करार, आश्रिताला नोकरी, आणि १९९८पासून पेन्शन मिळाली. ती तुटपुंजी आहे आणि वर्षानुवर्षं वाढली नाही, हेही खरं. त्या करारातही खोट होतीच. बाई आश्रित असेल तर तिला नोकरीऐवजी पैसे घे म्हणायची पळवाट ९.५ कलमात आहे. पण चौकट होती. आज भद्रावतीच्या आसपासच्या ओपनकास्ट खाणीच्या काठावर उभं राहा आणि बघा, ओबीच्या ढिगाऱ्यांवर चढणारे डंपर कोणाचे आहेत. ठेकेदाराचे. चालवणारा पोरगा ठेकेदाराचा. तो गेला तर ९.३ कलम त्याला लागत नाही. झारखंडमधल्या लालमटियाला डिसेंबर २०१६ मध्ये ढिगारा कोसळून तेवीस जण गाडले गेले, ते ठेकेदाराकडचे कामगार होते. सप्टेंबर २०२५ मध्ये कोळसा मंत्रालयाने अपघाती मृत्यूची सानुग्रह रक्कम १५ वरून २५ लाख केली. चांगलं केलं. सोबत अपघात विमा जाहीर झाला, कायम कामगाराला एक कोटी आणि ठेक्यावरच्याला चाळीस लाख. खड्डा एक, धूळ एक, ढिगारा एक, आणि माणसाचा भाव मात्र दोन.

म्हणजे आमच्या पेटीतल्या त्या कल्पित घरात आज तीन पिढ्यांचा प्रवास असा दिसतो. बाप निवृत्त झाला की त्याची जागा भरली जात नाही, तिथे ठेकेदार येतो. मोठा पोरगा त्या ठेकेदाराच्या डंपरवर. धाकटा अग्निवीर. एक खाली, एक सीमेवर, दोघेही हंगामी. दोघांच्याही मृत्यूची किंमत आधीच ठरवून कागदावर लिहून ठेवलेली, आणि त्या किमतीनंतर घराशी कोणाचाही संबंध नाही.

यावर जे उत्तर दिलं जातं ते मी ऐकलं आहे. पोरं स्वतःहून सही करतात, कोणी जबरदस्ती केली? खरंय. आमच्या आजोबांनीही भूसंपादनाच्या कागदावर स्वतःच अंगठा दिला होता. ज्याच्यासमोर दुसरा कागदच ठेवलेला नाही त्याच्या सहीला निवड म्हणणं ही एक चलाखी आहे. दुसरं उत्तर जरा वजनदार आहे. संरक्षण खात्याचा पेन्शनचा बोजा वाढला आहे, २०२५-२६च्या अर्थसंकल्पात तो सुमारे १ लाख ६० हजार कोटींचा आहे, आणि फौज तरुण हवी. फौज तरुण हवी हे मला मान्य आहे. चार वर्षांची सेवा ठेवायची की सातची, पंचवीस टक्के ठेवायचे की पन्नास, यावर जाणकारांनी वाद घालावा, मी त्यात पडत नाही. पण जो जिवंत परत येतो त्याच्या पेन्शनचा प्रश्न वेगळा आणि जो ताबूतातून येतो त्याच्या आईच्या पेन्शनचा वेगळा. दुसऱ्यांची संख्या इतकी थोडी आहे की १ लाख ६० हजार कोटींच्या आकड्यात ती पहिल्या चार अंकांतही दिसणार नाही. बचत म्हणून तिला काही अर्थ नाही. मग ती नाकारण्याचं कारण एकच उरतं. एकदा मृताच्या घराला पेन्शन दिली की तो पूर्ण शिपाई होता हे मान्य करावं लागतं, आणि मेलेला पूर्ण शिपाई असेल तर त्याच्या शेजारी उभा असलेला जिवंत अर्धा कसा, हा प्रश्न येतो.

हे म्हणणारा मी एकटा नाही. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनेच शिफारस केली की कर्तव्यावर मृत्यू आलेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला नियमित जवानाच्या कुटुंबाप्रमाणे सर्व लाभ द्यावेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच्या बातम्या आल्या. समितीत सगळ्या पक्षांचे खासदार असतात. त्यानंतरही मुरलीच्या आईला कोर्टाची पायरी चढावी लागली, यावरून शिफारशीचं काय झालं ते समजावं.

आपल्या जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांना मला विचारायचं आहे. निवडणुकीच्या भाषणात भूमिपुत्रांना खाणीत काम द्या म्हणून तुम्ही गरजता, आणि भरतीपूर्व प्रशिक्षणाची शिबिरं घेऊन त्याच भूमिपुत्रांना धावायला शिकवता, टी-शर्टवर स्वतःचा फोटो छापून. धावण्यात गैर काही नाही. त्या शिबिरात एक दिवस तरी कोणी त्या पोरांच्या आईबापांना बसवून सांगितलं का, की तुमचा मुलगा गेला तर काय मिळेल आणि काय मिळणार नाही? खाणीत लागताना युनियनवाला निदान नऊ-तीन समजावून सांगत असे. वर्दीला युनियन नसते, नसावीही. म्हणून तर त्या घरांच्या वतीने बोलण्याचं काम बाहेरच्यांचं आहे. युनियनवाल्यांनीही हे ऐकावं. वेतन कराराच्या वाटाघाटीत तुम्ही कायम कामगारांपुरतं बोलता, त्या कामगारांचीच पोरं ठेक्यावर आणि चार वर्षांच्या करारावर गेली, तरी तुमच्या मागणीपत्रात त्यांना ओळ नाही.

अग्निपथ योजना १४ जून २०२२ला जाहीर झाली. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६च्या अखेरीस भरतात. शंभरातले पंच्याहत्तर घरी येतील. त्यांच्यासाठी निमलष्करी दलांत, पोलिसांत राखीव जागांची आश्वासनं आहेत, त्यातली किती प्रत्यक्षात उतरतात ते बघू. भद्रावतीला परतणाऱ्याला जवळची आणि लगेच मिळणारी नोकरी कोणती, हे मात्र आत्ताच सांगता येईल. ओपनकास्टच्या चेकपोस्टवर ठेकेदाराचा सुरक्षारक्षक. बाप ज्या फाटकातून कायम कामगार म्हणून आत जात होता, त्याच फाटकावर पोरगा शिट्टी घेऊन उभा असेल. हा तो पोरगा, जो जिवंत परत आला.